तरंगनाथांना आठ बायका दिसेनात

“फोन बंद करू नका, माउल्यांनो! नेट चालू ठेवा! फोनचा श्वास कोंडला तर महाराजांनी बघायचं कशात?”

माइकवरचा माणूस घसा फोडून ओरडत होता आणि करंजपाड्याच्या समाजहॉलमध्ये मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मोहन्याच्या बाजारातल्या मासळीवाल्या पाट्या झाकून तशाच उठून आल्या होत्या. रिक्षावाल्यांनी स्टँड ओस टाकला होता. ज्यांच्या शेतांवर आता सात-सात मजली इमारती उभ्या आहेत, ते पाड्यातले जमीनवाले सोन्याच्या साखळ्या सावरत पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर प्लॅस्टिकच्या झेंडूंची कमान, कमानीमागे मोबाइल टॉवरचं भलंमोठं चित्र आणि टॉवरच्या टोकाला ओम. चित्राखाली तांब्याचा हंडा. येणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या टेबलावर आपलं नाव आणि मोबाइल नंबर सांगायचा, त्याची चिठ्ठी फोनला चिकटवून घ्यायची आणि फोन त्या हंड्यात सोडायचा. वर लाल फडकं. हंड्यामागे जटा वाढवून, भस्म फासून, पांढऱ्याशुभ्र धोतरात बसलेले श्री तरंगनाथ महाराज.

महाराजांनी डोळे मिटून हंड्यात हात घातला आणि एक फोन काढला.

“गणू कोण?”

“मी, मी महाराज!” रिक्षावाला गणू उडालाच.

“बेटा, बँकेचा निरोप आलाय. दोनदा आलाय. बायकोला सांगितलं नाहीस. खरं की खोटं?”

गणूने दोन्ही कान पकडले. त्याची बायको तीन हात अंतरावर उभी होती, ती डोळे वटारून बघायला लागली. आणि हॉल दणाणला, “तरंगनाथ महाराज की जय!”

“मी काही करत नाही रे बाळांनो,” महाराज म्हणाले. “सगळी लहरींची कृपा. डेटा हा आत्मा, नेट हा परमात्मा. टॉवर म्हणजे आजचा मेरुपर्वत! आत्मा फोनात अडकलाय, मी फक्त त्याचं ऐकतो.”

दारात उभी असलेली हेमांगी तरे मनातल्या मनात म्हणाली, काय लुच्चा आहे! हेमांगी मोहन्याच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती आणि आईने सकाळीच बजावलं होतं, ‘हॉलवर ये, आज आपला नंबर हाय.’ म्हणून ती आली होती. नाहीतर असल्या ठिकाणी ती उभीही राहिली नसती.

तेवढ्यात महाराजांनी दोन फोन एकदम उचलले आणि तिच्या आईचं नाव घेतलं.

मंजुळाबाई पुढे झाल्या. त्यांच्यामागे पदर सावरत सून निशा. मंजुळाबाईंचे पैसे गेले होते, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. चाळीच्या खोल्यांचं भाडं त्यांनी वर्षानुवर्षं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बँकेत साठवलं होतं, आणि महिन्यापूर्वी एका दुपारी, त्या पडवीत सुकट निवडत बसल्या असताना, खातं साफ झालं. बँकवाले म्हणाले, तुमच्या फोनवर कोड आला, तो कोणीतरी टाकला, पैसे गेले. हेमांगी तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिने कपाळावर हात मारला, “आई, लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३०ला, फोन करायचा होतास! पहिल्या तासात केला असता तर पैसे अडवता आले असते.” पण त्याआधीच कोणीतरी मंजुळाबाईंना सांगितलं होतं, पोलिसांत जाऊ नको, लहर तुटते, महाराजांकडे जा.

महाराजांनी निशाचा फोन कपाळाला लावला. डोळ्यांच्या पापण्या फडफडवल्या. मग हळू आवाजात, पण माइक नीट तोंडासमोर धरून, बोलले.

“पैसा बाहेरच्या चोराने नेला नाही, माई. घरातल्या हाताने गेला. मला कोपर दिसतंय. कोपरला कोणीतरी विचारतंय... ‘आई, पोचले का? इथे कोणाला बोलू नकोस.’ पोरी, हे शब्द तुझेच ना?”

निशाचा चेहरा पांढराफटक पडला. कोपर हे तिचं माहेर. शब्द तिचेच होते. “हो, पण ते...” एवढंच ती म्हणाली, आणि पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. जयजयकार सुरू झाला होता. मंजुळाबाई वळून सुनेकडे बघत राहिल्या. हेमांगीचा भाऊ प्रणित बायकोच्या शेजारीच उभा होता आणि तो आपल्या चपलांकडे बघत होता. हेमांगीला वाटलं, जाऊन याच्या एक कानाखाली द्यावी.

निशा त्याच संध्याकाळी एक पिशवी घेऊन कोपरला निघून गेली. “जा” असं तोंडाने कोणी म्हटलं नाही, पण “थांब” असंही कोणी म्हटलं नाही. प्रणितने फक्त रिक्षा बोलावून दिली.

आता लोक असल्या माणसाकडे का धावतात, यावर शहाणी माणसं फार हसतात. त्यांनी एकदा करंजपाड्याच्या नाक्यावर येऊन बघावं. तिथे एक पाटी आहे: ‘सायबर साहाय्य केंद्र’. सरकारने प्रभागाप्रभागांत अशी केंद्रं उघडायला अनुदान मंजूर केलं. त्यातून प्रशिक्षित माणूस नेमायचा, कॉम्प्युटर घ्यायचे, फसलेल्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन शिकवायचा. पाटी लागली, फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. मग दाराला कुलूप लागलं, कारण केंद्र चालवायला संस्था नेमायची होती आणि त्यासाठी गावच्या मंडळाचा ठराव लागत होता, आणि तो ठराव कोणाच्या नावाने करायचा यावर वर्ष गेलं. हेमांगी तीनदा ठाण्याच्या सरकारी कार्यालयात खेटे घालून आली. तिन्ही वेळा टेबलामागचा माणूस म्हणाला, “मॅडम, ठराव आणा.” दवाखान्याला कुलूप असलं की भगताची भरभराट होते, हे काही नवीन नाही.

आणि आता मार्च जवळ आला होता. पैसे खर्च झाले नाहीत तर परत जाणार. त्यामुळे ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष कमलेश केणे याला एकदम घाई झाली. हेमांगी त्याला भेटायला गेली तेव्हा तो आपल्या ऑफिसात पाय पसरून बसला होता.

“ताई, ठराव रविवारी करतोय आपण. सगळ्या पाड्यासमोर. महाराजांचं ‘दिव्य कवच प्रतिष्ठान’ हाय ना, त्यांनाच देतोय केंद्र.”

“कमलेश, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सायबर केंद्र बुवाला?”

“अहो ताई, लोकांचा विश्वास कोणावर हाय ते बघा. ते प्रत्येकाच्या फोनमध्ये कवच टाकून देणार. नामजपाचं ॲप. सरकारी शिक्क्यासकट! फुकट!”

“आणि केंद्राची जागा?”

“माझा गाळा रिकामाच हाय,” कमलेश म्हणाला आणि चहा मागवू का म्हणून विचारलं. हेमांगी चहा न घेताच उठली. दिव्य कवच कसलं, दिव्याखालचा अंधार! पण तोंडात नुसता राग असून भागत नाही, हातात पुरावा लागतो. सरकारी शिक्का मारून त्या माणसाचं ॲप घरोघर गेलं की मग पुराव्याचाही उपयोग नव्हता. आणि तोवर कोपरला बसलेल्या निशाच्या कपाळावर चोर म्हणून बसलेला शिक्का पक्का होणार होता.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात बायजाकाकूंच्या पाटीसमोर उकिडवी बसली. बायजाकाकू कोळीण, सत्तरीच्या, जिभेला हाड नाही.

“काकू, महाराजांनी तुमचं काय ओळखलं?”

“माझ्या लेकीला तिसरा महिना लागला ते वलखला गो! घरात कोनाला म्हायती नव्हतं. लेकीनं मलाच काय ता मेसेज करून सांगितलेलं.”

“आणि काय?”

“नातवाचा निकाल वलखला. शाळंतनं मेसेज आलेला.” काकूंनी बोंबलाची जुडी आपटली. “पन एक सांगतंय तुला. माझी नथ हरवली ना, ती नाय वलखली. मी तीनदा इचारलं. बोल्ला, लहर मळलीय. मंग नथ माझ्याच तांदळाच्या डब्यात गावली!”

हेमांगीचे डोळे चमकले. “काकू, नथीबद्दल तुम्ही कोणाला मेसेज केला होता?”

“मला कुठं टाइप करता येतं? तोंडानं बोंबललेली सगळ्या आळीत.”

हेमांगी तिथून जी उठली ती घरोघर फिरली. गणूला विचारलं, शेजारच्या प्रियांकाला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. एकच धागा निघत होता. महाराजांना बँकेचे निरोप दिसत, शाळेचे दिसत, लेकीसुनांचे दिसत. जे फोनवर लिहून आलं-गेलं ते सगळं दिसे. पण जे माणसाने माणसाला तोंडाने सांगितलं, त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. हा कसला अंतर्यामी, ज्याला लिहिलेलं वाचता येतं आणि बोललेलं ऐकू येत नाही?

घरी येऊन तिने आईचा फोन मागितला. मंजुळाबाईंनी आढेवेढे घेतले, पण दिला. हेमांगीने सेटिंगमध्ये जाऊन फोनमधल्या ॲपची यादी उघडली आणि एकेक नाव बघत खाली गेली. बिल भरायचं, भजनाचं, हवामानाचं. आणि मध्येच एक: ‘हळदी आमंत्रण’. बाहेर स्क्रीनवर त्याचं चित्र कुठेच नव्हतं, पण आत ते चांगलं मांडी ठोकून बसलं होतं. सगळे मेसेज वाचायची आणि पुढे पाठवायची परवानगी त्याला मिळालेली होती.

“आई, ही कोणाची हळद?”

“संदेश आणि अक्षदाची. पत्रिका आली ना व्हॉट्सॲपवर.”

“कोण संदेश?”

“अगो... आपलाच असेल कोनीतरी. शहाडच्या मावशीकडचा असेल. पत्रिका काय उघडेचना. परवानगी द्या, परवानगी द्या असं सारखं मागत होती. दिली. मंग नुसता गणपती आला आणि गोल फिरत बसला. मी बोल्ली, नेट नाय. पन हळद हाय, कोनी राहायला नको म्हनून पाठवली मी सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“आख्ख्या भावकीला. निशालापन.”

हेमांगीने डोळे मिटून घेतले. आगऱ्यांच्या घरात हळदीचं आमंत्रण चुकवणं म्हणजे काय, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. एका हळदीला हजार माणूस जेवतं. पत्रिका नाही पोचली म्हणून सख्ख्या भावांचं येणं-जाणं तुटलेलं तिने पाहिलं होतं. पत्रिका आली आणि माणूस ओळखीचा नसला तरी ‘आम्ही ओळखत नाही’ असं कोण म्हणणार? उद्या तो मामाचा साडू निघाला तर तोंड कुठे दाखवायचं? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याच्या बाजूचा असेल. प्रत्येकाने उघडली, परवानगी दिली, आणि चांगुलपणाने पुढे ढकलली. चोराला फिरावंच लागलं नाही. पाड्याने आपल्या हातांनी त्याला घरोघर नेऊन बसवलं होतं.

“आई, ही पत्रिका नाही, चोर आहे. तुझे पैसे यानेच नेले. कोड तुझ्या फोनवर आला आणि याने तो त्या भामट्याकडे पोचवला.”

“तुझी दोन बुकं शिकून झाली म्हनून महाराजांना चोर बोलतीस? मंग कोपरचा मेसेज कुठनं आला? तो तर खरा होता!”

“खरा होता म्हणूनच...” हेमांगी बोलता बोलता थांबली. आईशी वाद घालून काही होणार नव्हतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती मानणार नव्हती. ठीक आहे, मग डोळ्यांनीच बघू दे. पण आधी तिने आईच्या फोनमधून ते आमंत्रण उपटून काढलं आणि पिन बदलून टाकला.

रविवारपर्यंतचे दिवस तिने फुकट घालवले नाहीत. तिच्या बचत गटात पाड्यातल्या आठ बायका होत्या. त्यांना ती म्हणाली, “फोन हळू चालतात ना तुमचे? द्या, साफ करून देते.” खोटं काही बोलली नाही. आठही फोनांत संदेश-अक्षदा ठाण मांडून बसले होते. आठही फोनांतून तिने त्यांना हाकललं, आणि रविवार होईपर्यंत कोणतीही पत्रिका उघडायची नाही असं बजावलं. बाकीचं काही सांगितलं नाही, कारण त्या बायका भाबड्या होत्या आणि त्यांच्या पोटात काही राहिलं नसतं.

एकच फोन तिने मुद्दाम तसाच ठेवला, बायजाकाकूंचा. त्यांना मात्र सगळं विश्वासात घेऊन सांगितलं.

“माझ्या फोनाला बँक नाय, काय नाय,” काकू म्हणाल्या. “नेऊन नेऊन काय नेईल मेला? बोंबिल?”

रविवारी सकाळी हॉल आदल्या खेपेपेक्षा दुप्पट भरला. कमलेशने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. ठरावाचा कागद टाइप करून आणला होता. आधी महाराजांचा दरबार, मग हात वर करून ठराव, मग प्रसाद. हॉलबाहेर आंब्याखाली महाराजांची पांढरी गाडी उभी होती, काळ्या काचांची. ती नेहमीच तिथे असे. तिच्याकडे कोणी बघत नसे.

हेमांगीने बचत गटाच्या आठही जणींना पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्याच चिठ्ठ्या आधी लागल्या.

“प्रियांका कोण?” महाराजांनी फोन कपाळाला लावला. पापण्या फडफडल्या. वेळ गेला. पापण्या पुन्हा फडफडल्या. “बेटी... तुझ्या मनात चिंता आहे.”

“कसली, महाराज?”

“चिंता आहे... मोठी आहे.” महाराजांनी फोन झटकन खाली ठेवला. “पुढचा!”

पुढचा फोनही मुका. तिसरीला सांगितलं, प्रवास आहे. तिला कुठेच जायचं नव्हतं. चौथीला म्हणाले, सासूकडून त्रास आहे. तिची सासू बारा वर्षांपूर्वी वारली होती. पाचवी, सहावी. महाराजांच्या कपाळावरच्या भस्मात घामाचे ओघळ उतरले. ते सारखा डाव्या कानावर हात नेऊन जटा दाबत होते. माइकवाला ओरडला, “वातावरणात लहरी मळलेल्या आहेत! सगळ्यांनी नामजप करा!” हॉलने जप केला. सातवी आली, आठवी आली. महाराजांना काही म्हणजे काही दिसेना.

लोकांत कुजबुज सुरू झाली. कमलेश पुढे होऊन म्हणाला, “महाराज थकलेत, आपण ठराव घेऊन टाकू.”

“का रं, माझा नंबर हाय ना!” बायजाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “माझी चिठ्ठी काढ आधी!”

फोन निघाला. आणि काय सांगावं! महाराजांचा चेहरा असा खुलला, जणू अमावास्येला चंद्र उगवला. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“माई! तुझ्या कुंकवावर संकट आहे!”

बायजाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

“गोपीनाथ! गोपीनाथ नाव आहे. त्याच्या छातीवर काळी लहर बसली आहे. आज पहाटे कल्याणच्या दवाखान्यात नेलाय. तुझ्यापासून लपवलंय सगळ्यांनी. रडू नकोस माई, हे कवच त्याच्या उशाशी...”

“वो महाराज!” चौथ्या रांगेतून खणखणीत आवाज आला. “कोनाला नेला कल्यानला? मी हतंच बसलोय ना सकालपासून!”

गोपीनाथकाका उभे राहिले. पंचाहत्तरीचा दणकट कोळी, तोंडात तंबाखू, काखेत छत्री. सगळ्या हॉलने मान वळवून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“काल माझ्या छातीत दुखलं नाय, आज दुखत नाय,” काका म्हणाले. “पन तुमचा बोलना ऐकून दुखंल आता.”

पहिल्यांदा एक बाई हसली. मग हॉलच्या हॉल.

हेमांगी स्टेजवर चढली. माइकवाल्याने माइक सोडला नाही, तर तिने तो ओढून घेतला. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तिचा.

“गोपीनाथकाकांना दवाखान्यात नेल्याचा मेसेज आज पहाटे मी पाठवला बायजाकाकूंना. माझ्या फोनवरून. तो खोटा होता. महाराजांनी काळजातलं ओळखलं नाही, मेसेज वाचला. खोटा मेसेज वाचला, म्हणून खोटं बोलले.”

“श्रद्धेचा अपमान...” कमलेशने सुरुवात केली.

“बस खाली! मला सांगा, संदेश आणि अक्षदाच्या हळदीची पत्रिका कोणाकोणाला आली?”

हात वर होत गेले. अर्धा हॉल, मग सगळाच.

“त्या हळदीला कोण कोण जेवून आलं?”

एकही हात वर राहिला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. “तुमच्याकडचा ना तो?” “नाय बा, आमी समजलो तुमचा.”

“कोणाचाच नाही. ती पत्रिकाच नव्हती. फोनमध्ये घुसून बसणारं ॲप होतं. उघडताना त्याने परवानगी मागितली, तुम्ही दिलीत. तेव्हापासून तुमचा प्रत्येक मेसेज दुसरीकडे जातोय. बँकेचा कोडसुद्धा. या आठ जणींच्या फोनमधून मी ते काढून टाकलं, आणि आठही जणी महाराजांना दिसेनाशा झाल्या. काकूंच्या फोनमध्ये राहू दिलं, आणि लगेच दिव्यदृष्टी परत आली. नेट चालू ठेवा, असं का ओरडतात? दारात नंबर का लिहून घेतात? आणि महाराज, तो डावा कान कशाला दाबताय सारखा?”

महाराज उठून मागच्या दाराकडे सटकत होते. पण बायजाकाकू वयाच्या मानाने चपळ. त्यांनी जटेला हात घातला. जटा हातात आली. निम्मी खोटी होती, आणि तिच्याखाली कानात वाटाण्याएवढं काळं यंत्र होतं. काकूंनी ते कानाशी नेलं.

“आतमंदी मानूस बोलतोय!” काकू किंचाळल्या. “बोलतोय, ‘निघ निघ, लवकर निघ!’”

रिक्षावाले आंब्याखाली धावले. काळ्या काचांच्या गाडीत पन्नाशीचा एक गृहस्थ लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी सुरू करायच्या खटपटीत होता. उत्तम त्याचं नाव. गणूने आपली रिक्षा आडवी घातली. लॅपटॉपवर सगळा पाडा मांडलेला होता, नंबरानुसार; ॲप काढलेल्या फोनांची पानं तेवढी कोरी होती. कोणाच्या लेकीला कितवा महिना, कोणाचा हप्ता थकला, कोणाच्या खात्यात किती. नंबर टाकला की त्या फोनातले मेसेज समोर, आणि ते वाचून तो महाराजांच्या कानात सांगे. झाला चमत्कार. लुटलेल्या खात्यांच्या वेगळ्या यादीत मंजुळाबाईंचा बँकेचा तो कोडही होता, त्या दुपारचा.

पोलीस आले, दोघांना घेऊन गेले, लॅपटॉप नेला. हेमांगीने आईचा तक्रारअर्ज तिथल्या तिथे लिहून दिला. लोक महाराजांना मारायला उठले होते, पण तिने अडवलं.

“मारून काय होणार? उद्या दुसरा येईल. हा हळदीच्या पत्रिकेने आला, तो आणखी कशाने येईल. तुम्हाला चमत्कार हवाच आहे ना, म्हणून ते येतात! फोनात भूत नसतं, आत्मा नसतो. फोन हे यंत्र आहे, माणसाने बनवलेलं, माणसाला कळणारं. नाही कळलं तर विचारा. विचारायला माणूस हवा म्हणून सरकारने पैसे दिलेत. ते तुमचे पैसे आहेत, तुमच्याच करातले. तुम्ही त्यातून काय मागताय? ताईत? कमलेश, तो कागद दे इकडे.”

कमलेश कागदाची घडी करून खिशात घालत होता. “ताई, आम्हाला काय माहीत होतं...”

“माहीत करून घ्यायचं काम तुझंच होतं! अध्यक्ष कशाला झालास मग, सदरा घालून मिरवायला?”

ठराव त्याच हॉलमध्ये, त्याच दुपारी झाला. केंद्राचं कुलूप उघडायचं, शिकलेला माणूस नेमायचा, नाक्यावरच्या सरकारी जागेतच, कोणाच्या गाळ्यात नाही. केंद्र सुरू होईपर्यंत दर सोमवारी पाड्यातल्या वीस माणसांनी ठाण्याच्या कार्यालयात जाऊन बसायचं. हात वर करताना या वेळी लोकांनी आधी कागद मोठ्याने वाचून घेतला.

मंजुळाबाई मात्र कोपऱ्यात बसून होत्या. हॉल रिकामा झाल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, “निशाच्या फोनात पत्रिका मीच घातली ना गो?”

“हो.”

“चल. आत्ताच्या आत्ता कोपरला चल.”

निशाच्या माहेरी दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. निशा ब्लाउज शिवत होती. मंजुळाबाई दारातूनच रडायला लागल्या. महाराज लबाड निघाला, हेमाने सगळ्यांसमोर सिद्ध केलं, तुझा काही दोष नाही, चल घरी बाय माझी, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

निशा मशीनवरून उठली नाही.

“आई, महाराजांनी सांगितलं म्हणून मला घालवलंत. आज ताईंनी सिद्ध केलं म्हणून न्यायला आलात. उद्या तिसरं कोणी येऊन आणखी काही सांगेल. तुम्ही स्वतः मला एकदा तरी विचारलंत का?”

हेमांगी काहीतरी बोलणार होती, तिने तोंड मिटलं. तिनेही विचारलं नव्हतं. आठ-दहा फोन उलटेपालटे केले, आख्खा पाडा पालथा घातला, पण कोपरला येऊन निशाला दोन शब्द विचारायचं तिलाही सुचलं नव्हतं. याची तिला भयंकर लाज वाटली.

मंजुळाबाई मशीनजवळ गेल्या. पदराने तोंड पुसलं.

“निशा, माझे पैसे तू घेतलेस का गो?”

“नाही, आई.”

“मंग कोपरला काय पोचलं?”

“माझ्या शिवणाचे पैसे. आईच्या चष्म्याला. तुमच्याकडे मागायला लाज वाटत होती, म्हणून कोणाला बोलू नको म्हटलं.”

संपलं. दोन प्रश्न, दोन उत्तरं. एवढ्यासाठी हंडा लागला नाही, टॉवर लागला नाही, जटा लागल्या नाहीत. ज्या घरात माणूस माणसाला सरळ तोंडावर विचारतो, तिथे कुठल्याही तरंगनाथाचं काही चालत नाही. आणि ज्या घरात विचारत नाहीत, तिथे त्याला दार वाजवायचीही गरज पडत नाही.

मंजुळाबाईंनी पुन्हा विचारलं, “आता तरी येशील ना?”

निशाने दोरा तोडला.

“आज नाही. आधी प्रणितला पाठवा. त्या दिवशी तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याला म्हणावं, एकटा ये, आणि जे मला विचारायचं होतं ते माझ्या तोंडाकडे बघून विचार.”